स्पॅनिशमधली रस्त्यावरची बोली: कुठल्या देशाची धरायची?

मुळाकाठ: माझं बी-१ (मध्यम पातळी) पर्यंतचं स्पॅनिश सगळं माद्रिदच्या पुस्तकांतून झालंय. आता कामात रोज मेक्सिको आणि अर्जेंटिनाची माणसं. मेक्सिकोचा सहकारी वाक्यागणिक 'वेय' म्हणतो. ब्युनोस आयर्सची मुलगी परवा 'गीता' म्हणाली आणि मी दचकलेच! शब्दांची यादी करून पाठ करू का?

दर्यावर्दी: यादी नको, ताई. मी ब्युनोस आयर्समध्ये राहून भाषांतराची कामं केली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: समजून सगळ्यांचं घ्या, बोला एकाच देशाचं.

'वेय' म्हणजे आपलं 'यार'. 'गीता' म्हणजे पैसे. हा लुनफार्दो, ब्युनोस आयर्सची खास बोली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीहून लोंढेच्या लोंढे तिथे उतरले, गरीब वस्त्यांत भाषा मिसळल्या. कामाला तिथे 'लाबुरो' म्हणतात, तो इटालियन 'लाव्होरो'च. अक्षरं उलटायचीही हौस: 'काफे'चं 'फेका', 'तांगो'चं 'गोतान'. या बोलीसाठी १९६२ मध्ये अकादमीसुद्धा स्थापन झाली, इतका जीव आहे तिच्यावर! कामालाच स्पेनमध्ये 'कुर्रो', मेक्सिकोत 'चांबा', चिलीत 'पेगा'.

पण आधी एक करा. पुस्तकात बस पकडायला 'कोखेर' शिकवलं असेल. स्पेनमध्ये ते अगदी साधं, पण मेक्सिको-अर्जेंटिनात तो शरीरसंबंधाचा उघडावाघडा शब्द आहे. तिथे 'तोमार' म्हणा, स्पेनमध्येही कळतं. आणि 'बोलूदो' अर्जेंटिनात जिवलग एकमेकांना म्हणतात, परक्याच्या तोंडी तो शिवी ठरतो. तुम्ही वापरू नका.

लिंबोणी: मेक्सिकोवाला 'आओरीता' म्हणाला तर 'आत्ता' धरून बसू नका. पाच मिनिटंही असतील, संध्याकाळही होईल. सरळ 'आ के ओरा?' म्हणजे 'किती वाजता?' विचारा. आणि 'ग्वाग्वा' क्यूबात बस, चिलीत तान्हं बाळ!

मुळाकाठ: बापरे, 'कोखेर' आजपासून बंद. 'मस्त'ला काय म्हणू? मला 'ग्वाय' येतं.

दर्यावर्दी: 'ग्वाय' स्पेनचं. मेक्सिकोत 'चीदो' किंवा 'पादरे', अर्जेंटिनात 'कोपादो', कोलंबिया-व्हेनेझुएलात 'चेवेरे'. तुमचं जास्त बोलणं कुणाशी होतं?

मुळाकाठ: मेक्सिको.

दर्यावर्दी: मग 'चीदो'पासून सुरुवात करा. साहेबांसमोर मात्र 'मुई ब्येन' (खूप छान) हेच बरं.