गणपतीच्या सुट्टीआधीचा आठवडा: खरंच काम होतं की नुसती पळापळ?

कुडाळचा_खतावणीवाला:
मंडळी, यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. आम्हा अकाउंट्सवाल्यांसाठी याहून अवघड तारीख नाही, 7 ला टीडीएस (कापून घेतलेला टॅक्स) भरा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 15 ला ॲडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता, 20 ला 3बी (जीएसटी भरायचं रिटर्न), आणि 30 चं टॅक्स ऑडिट मानगुटीवर आहेच. मी 11 च्या रात्री गाडी पकडणार. सगळे म्हणतात सुट्टीआधी माणूस नुसता देहाने ऑफिसात असतो. माझं उलटं आहे, मार्च एन्ड सोडला तर सगळ्यात जास्त काम मी याच आठवड्यात उरकतो. जे लेजर कन्फर्मेशन (खात्यातली बाकी बरोबर असल्याचं पत्र) पार्टी महिनाभर देत नाही ते "मी गावाला चाललोय, आज पाठवा" म्हटलं की संध्याकाळपर्यंत मेलवर येतं. नवीन काम हातात घ्यायचं नाही, बाकी दणकून काम. तुमचं काय मत?

मागे_राहणारी:
तुमचं उरकतं कारण उरलेलं आमच्या गळ्यात पडतं. 2बी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी, कधी जनरेट होते हो? 14 तारखेला. म्हणजे यंदा नेमकं चतुर्थीलाच. मग 11 पर्यंत कितीही दणकून काम करा, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जुळवायला सुरुवातच होणार तुम्ही मोदक खायला बसल्यावर. आणि ते कोण जुळवणार, तर आम्ही विदर्भातले, ज्यांना "तुमचं काय, तुम्हाला कुठे गावाला जायचंय" असं ऐकवतात. आमच्याही घरी गणपती बसतो म्हटलं!

निवृत्त_हेडक्लार्क:
त्या आठवड्यात फायली हलतात हे खरं. याच्या टेबलावरून त्याच्या टेबलावर.

ठाणे_टीमलीड:
मी माणसं सांभाळतो म्हणून सांगतो, गाडी पकडायची असलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी रिटर्न फाइल करायला देऊच नये. आमच्याकडे एकाने घाईत एका पार्टीचं बिल दुसऱ्याच पार्टीच्या जीएसटी नंबरवर टाकलं, खऱ्या पार्टीला स्वतःच्या 2बीत बिल दिसेना, ती पेमेंट अडवून बसली, आणि साहेब तिकडे भजनात. आता 1ए मध्ये जीएसटीआर-1 ची दुरुस्ती 3बी भरायच्या आत करता येते, पण पार्टीचा जीएसटी नंबर त्यात बदलत नाही, तो पुढच्या जीएसटीआर-1 मध्येच, आणि आधी कोणाच्या लक्षात तर यायला हवं ना. मी सांगतो 9 ला फाइल करा, 10 ला दुसऱ्याकडून बघून घ्या, 11 ला टेबल आवरा. शेवटचा दिवस रिकामा गेला तरी चालेल.

कुडाळचा_खतावणीवाला:
@ठाणे_टीमलीड साहेब, 9 ला फाइल करायला सेल्सवाले बिलं तरी देतात का 9 पर्यंत? 10 च्या संध्याकाळी "एक क्रेडिट नोट राहिलीये रे" म्हणत येतात. 2बीचा मुद्दा मात्र मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खेडची_सून:
मी कोकणवाल्यांच्या बाजूने. रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 होते, नोव्हेंबर 2024 पासून कमी केले. म्हणजे सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसलेला माणूस दोन महिने आधीच सगळ्या ऑफिसला सांगून मोकळा झालेला असतो की मी अमुक दिवशी नाही. तरी बॉसला आठवण कधी येते, तर आदल्या दिवशी चार वाजता. मग त्या पोराचं लक्ष घड्याळाकडे असेल नाहीतर काय.

डोंगलग्रस्त:
किती काम केलं हे मोजूच नका, चालू अवस्थेत काय सोडून गेलात ते बघा. आमचा सहकारी सगळं चकाचक करून गेला, चेकलिस्टसुद्धा छापून ठेवली होती बिचाऱ्याने. डिजिटल सही करायचा डीएससी डोंगल (पेनड्राइव्हसारखा) मात्र ड्रॉवरमध्ये कुलूपबंद आणि किल्ली त्याच्याबरोबर कणकवलीला. म्हटलं ठीक, निदान पोर्टलवर लॉगिन करून ड्राफ्ट तर बघू, तर पासवर्ड बदललेला, रीसेट करायला गेलो तर ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, आणि वाडीत रेंज नाही. शेवटी त्याच्या चुलत्याच्या दुकानावर फोन करून निरोप धाडला. तेव्हापासून माझं मत, शेवटच्या दोन दिवसांत एकही नवी एन्ट्री करू नका, बदलीच्या माणसाला शेजारी बसवून त्याच्याच हाताने एकदा लॉगिनपासून सहीपर्यंत जाऊ द्या.

कुडाळचा_खतावणीवाला:
हे भारी. किल्लीचं आत्ताच लिहून ठेवलं. आणि @मागे_राहणारी, 2बी 16 नंतर मी गावाहून जुळवून देईन, चालेल?

मागे_राहणारी:
नको, तुम्ही आरत्या करा, 2बी मी बघते. पण भाऊबीज यंदा 11 नोव्हेंबरला आहे, म्हणजे पुन्हा जीएसटीआर-1 चीच तारीख, आणि मी त्या दिवशी नागपुरात भावाकडे असणार. माझ्या ऑफिसातल्या कोकणवाल्यांपैकी खुर्चीत कोण बसणार ते कुणी अजून बोललेलं नाही. तुमच्या ऑफिसात तुम्ही बसाल का ते आधी सांगा.