दूधसागरला स्वतःची गाडी?

गोव्यातल्या दूधसागर धबधब्यापर्यंत आपली स्विफ्ट नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. पायथ्याच्या कुळे गावापर्यंत खुशाल न्या. या चर्चेत वर कुणीतरी 'हळूहळू चालवली तर धबधब्यापर्यंत जाईल' म्हटलंय, त्या फंदात मात्र पडू नका. एक तर पुढे भगवान महावीर अभयारण्य आहे, तिथे खासगी गाडी सोडतच नाहीत. दुसरं, वाटेत ओढे आडवे येतात, पाणी चाकांच्या वर चढतं. कुळ्याहून जीप शेअरिंगमध्ये मिळते. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा, नाहीतर रांगेतच दुपार. शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायी आहे, आजी-आजोबा सोबत असतील तर आधी विचार करा.

भर पावसात ही जीपसेवा बंद असते, आणि धबधबा खरा तेव्हाच पाहावा! त्यावर माझ्या मते रेल्वेच बरी. कर्नाटकातलं कॅसलरॉक ते कुळे हा रेल्वेचा ब्रागांझा घाट, चढ ३७ ला १ (३७ मीटर अंतरात १ मीटर उंची), म्हणून वर चढताना गाडीला जादा इंजिनं जोडतात. रूळ धबधब्याच्या अगदी समोरून जातात. दिवसाउजेडी घाट उतरणारी गाडी बघून तिकीट काढा. रुळांवरून चालत जायचा सल्लाही इथे दिसला; त्याला बंदी आहे, पकडलं तर कारवाई होते.