चित्रकलेची पदवी घ्यावी, की पेंटरच्या हाताखाली राहावे?

कृष्णाकाठ (सांगली): चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर कोणत्याही कलाशाळेत गेले नव्हते, तेव्हा मुलाला बीएफएला (चित्रकलेच्या चार वर्षांच्या पदवीला) घालण्यापेक्षा पाट्या रंगवणाऱ्या एखाद्या पेंटरकडे चार वर्षे ठेवावे, असे परवा येथे एका गृहस्थांनी लिहिले. ते वाचून राहवले नाही. बाबूराव कोल्हापुरात, कारागिरांच्या घरात वाढले आणि जोडीला नात्यातले चित्रकार आनंदराव पेंटर होते. म्हणजे त्यांची कलाशाळा घरातच भरत होती. आमच्या घरी किराणा दुकान होते. समोर जिवंत माणूस बसवून तासन् तास हेड स्टडी (चेहऱ्याचे अभ्यासचित्र) करणे, मातीकाम, एचिंगचा (धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राच्या छपाईचा) प्रेस, ज्युरीपुढे म्हणजे परीक्षकांपुढे स्वतःच्या चित्राची बाजू मांडणे, हे सारे मला पदवीच्या वर्गातच मिळाले. शिवाय ज्याच्याकडे मुलाला ठेवायचे तो पेंटर आता सांगलीत शिल्लक आहे कुठे? फ्लेक्सने त्याला केव्हाच घरी बसवले.

मूळ लेखक: ते गृहस्थ मीच. पेंटर उरले नाहीत, हे मान्य. परंतु माझा भाचा पदवी घेऊन त्याच फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांच्या फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे उजळ करीत बसला आहे, त्याचे काय?

चित्रकला शिक्षिका (सातारा): तो तेथे बसला आहे, कारण शाळेत त्याला जागा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असेल तरच कलाशिक्षक धरला आहे, आणि तोही अंशकालीन! इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेला मुलांची झुंबड उडते ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. परीक्षा संपली की रंगपेटी माळ्यावर जाते. मी तीन शाळांत तासिका तत्त्वावर शिकवले असून गणिताच्या जादा तासासाठी माझा तास न विचारता काढून घेतलेला प्रत्येक शाळेत पाहिला आहे.

मूळ लेखक: बाई, विषय पदवीचा आहे, तासिकांचा नव्हे.

चित्रकला शिक्षिका: विषय तोच आहे. सातवीपर्यंत ज्याने धड शिकवलेले चित्र पाहिलेले नाही, त्या मुलाला बारावीनंतर प्रवेश परीक्षेला बसवायचे आणि खापर पदवीवर फोडायचे, हा कुठला न्याय?

औंधकर: दोघांनीही आवाज खाली आणावा. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली औंधच्या टेकडीवर उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत; तुमच्यापैकी कितीजण मुलांना घेऊन टेकडी चढले? आणि मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले पंडित सातवळेकर पुढे औंधातच वेदांच्या अभ्यासात रमले. कलाशाळेत गेलेला प्रत्येकजण चित्रकारच होतो असे नाही, हा मुद्दा मूळ लेखकांना माझ्यातर्फे भेट.

मूळ लेखक: भेट स्वीकारली. टेकडी मी चढलेलो नाही, हेही खरे. मुलाच्या सीईटीचा अर्ज भरतो. मात्र चार वर्षांनी तोही त्याच दुकानात बसलेला दिसला, तर बाई, मी याच धाग्यावर परत येईन.