मदत हवी आहे: आरटीईच्या २५ टक्क्यांतली मुलगी सातवीनंतर अनुदानित शाळेत हलवावी की आठवीनंतर?

पाटीपेन्सिल
मुलगी पुण्यात विनाअनुदानित सीबीएसई शाळेत सातवीला आहे. प्रवेश पहिलीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून झालेला. फी आठवीपर्यंतच माफ, नववीपासूनची झेपणारी नाही. घराजवळ पाचवी ते दहावीचं अनुदानित मराठी हायस्कूल आहे, सेमी इंग्रजीही आहे. बदल कधी करावा? आठवी फुकट असताना ती सोडणं वेडेपणा होईल का? दाखल्याची कामं कशी करायची? अनुदानित शाळांची माहिती असलेल्या पालकांनी कृपया लिहा.

नदीकाठ
आत्ताच हलवा. मुख्य कारण एनएमएमएस.

ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत होते आणि विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना तिला बसता येत नाही, मग प्रवेश आरटीईतून का असेना. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीला असावं लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. पुढेही शिक्षण शासकीय किंवा अनुदानित शाळेतच हवं, तुम्ही तेच करणार आहात. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे, त्यामुळे आरटीईला १ लाखाचा दाखला लावलेल्यांना इथे अडचण येत नाही.

सातवीत ५५ टक्के हवेत (एससी, एसटीला ५०). तिच्या निकालपत्रावर नुसत्या श्रेणी असतील तर वर्गशिक्षकांकडून गुण आणि टक्केवारी लिहून, शिक्का घेऊन ठेवा. नाहीतर ऐन अर्ज भरायच्या वेळी जुन्या शाळेच्या दारात उभं राहावं लागतं.

पेपर दोन, ९० गुणांचे, प्रत्येकी दीड तास. बौद्धिक क्षमता चाचणी कुठल्याही बोर्डाच्या मुलाला सारखीच. शालेय क्षमता चाचणीत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. अडतं ते समाजशास्त्रात, कारण अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, सातवीचाही. राज्याच्या सातवीच्या इतिहासात शिवकाल आणि मराठी सत्ता सविस्तर आहे, तेवढी सीबीएसईच्या पुस्तकात नसते. परीक्षा साधारण डिसेंबरात असते. सीबीएसईचा निकाल लागल्यापासून जूनपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत सातवीची राज्य मंडळाची इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल ही पुस्तकं वाचून घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

खडूफळा
वरच्या मताशी सहमत, पण कारण वेगळं. खरी अडचण मराठीची आहे.

मराठी शाळेच्या सेमी तुकडीत गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीत. इतिहास, भूगोल मराठीत, आणि मराठी प्रथम भाषा. सीबीएसईतून आलेलं मूल गणितात सहसा मागे पडत नाही. ते अडकतं 'कारणे लिहा' आणि 'टीपा लिहा' मध्ये. उत्तर माहीत असतं, चार ओळी सलग मराठीत उतरत नाहीत. शुद्धलेखनापेक्षा लिहिण्याचा वेग हा मोठा प्रश्न असतो.

नववीला आणलंत तर थेट कुमारभारती (नववी-दहावीचं मराठी प्रथम भाषेचं पुस्तक) समोर येते आणि दहावीला एकच वर्ष उरतं. दहावीत प्रथम भाषेचा ८० गुणांचा लेखी पेपर, त्यात उपयोजित लेखन. आठवीत आणलंत तर चुका करायला एक वर्ष मिळतं. मात्र आठवीची वार्षिक परीक्षाही आता पास व्हावी लागते, नापास झाल्यास पुनर्परीक्षा आणि त्यातही नापास तर त्याच वर्गात. 'आठवीपर्यंत ढकलतात' हे जुनं झालं.

सुट्टीत रोज एक पान. भूगोलाचा एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, त्यावर पाच वाक्यं लिहायची. निबंधाच्या गाइडांवर पैसे घालू नका.

जावकक्रमांक
कागदपत्रांचं लिहितो, घोळ तिथेच होतात.

आधी नव्या शाळेत जागा आहे का ते विचारा आणि सोबत हा प्रश्न: सेमीची तुकडी अनुदानित आहे का? शाळा अनुदानित असते, पण सेमीची एखादी तुकडी विनाअनुदानित असू शकते आणि तिला वेगळी फी लागते. फाटकावरच्या पाटीवरून हे कळत नाही. कार्यालयात वर्षाच्या एकूण रकमेचा तपशील लेखी मागा. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार अनुदानित वर्गांना असतो, हाही एक ताळा.

मग शाळा सोडल्याचा दाखला. निकाल लागल्यावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी मागितलेला दाखला महिनाभर 'साहेब आले की' मध्ये राहतो. स्नेहसंमेलन, सहल असली बाकी दाखवून कोणी अडवलं तर आरटीई कायद्याचं कलम ५ दाखवा. अनुदानित किंवा शासकीय शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब द्यायचा आहे. उशीर केला तर ते शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतात. दाखला आला नाही म्हणून नवी शाळाही प्रवेश नाकारू शकत नाही. हे कलम आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरतं आहे, हासुद्धा आत्ता हलवण्याचा एक फायदा.

हातात पडला की खिडकीपाशीच वाचा: जनरल रजिस्टर क्रमांक, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक). आधारवरच्या नावाशी अक्षर अन् अक्षर जुळवा. मूळ प्रत नव्या शाळेत जमा होते, आधी तीन झेरॉक्स काढा.

तुमच्या बाबतीत एक जास्तीचं काम आहे. जुना दाखला इंग्रजीत असेल, तर नव्या शाळेच्या रजिस्टरात मुलीचं नाव देवनागरीत पहिल्यांदाच चढेल, तेही लिपिकाच्या अंदाजाने. दीप्तीची दिप्ती होते, आडनावातला 'ळ' 'ल' होतो. कागदावर सुवाच्य मराठीत पूर्ण नाव लिहून द्या आणि नोंद झाल्यावर बघून घ्या. शाळेत असेपर्यंत दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होते, शाळा सोडल्यावर ती फार जिकिरीची.

शेवटी पोर्टल. दाखला दिला म्हणजे यू-डायसवरून (केंद्राच्या शाळा-विद्यार्थी नोंदीच्या पोर्टलवरून) मूल सुटलं असं नाही. जुन्या शाळेने तिथे मोकळं करायचं, मग नवी शाळा पेन क्रमांक आणि जन्मतारीख टाकून ओढून घेते. सरल या राज्याच्या पोर्टलवर नवी शाळा विनंती पाठवते, जुनी मंजूर करते. हे जून-जुलैतच करून घ्या, एनएमएमएसचा अर्ज शाळेमार्फतच भरायचा असतो. नव्या शाळेचाही यात स्वार्थ आहे. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि वैध आधार असलेलीच मुलं त्यात धरतात, त्यामुळे लिपिक स्वतःच पाठपुरावा करतील.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. दोन शंका. हायस्कूल आवडलं नाही तर आठवीला परत येता येईल का? आणि हिंदी-संस्कृत संयुक्त घ्यावं का?

जावकक्रमांक
फी भरून, जागा असेल तर. आरटीईची सोडलेली जागा परत मिळत नाही. त्यामुळे दाखल्याचा अर्ज देण्याआधी नव्या शाळेत जाऊन या, तेही शाळा सुटायच्या वेळी. मुलींचं स्वच्छतागृह उघडं आणि पाणी असलेलं आहे का, गणित-विज्ञानाचे शिक्षक नेमलेले आहेत की जागा रिकामी आहे, हे फाटकाबाहेर थांबलेल्या पालकांना विचारा.

खडूफळा
संयुक्त दहावीत ५०-५० गुणांचं असतं आणि संस्कृतात गुण चांगले पडतात, म्हणून मुलं घेतात. सीबीएसईत तिला सहावी-सातवीत संस्कृत होतं का? असेल तर घ्या. नसेल तर या वर्षी पूर्ण हिंदीच ठेवा, मराठी लेखनालाच वेळ कमी पडणार आहे.