लाथ उजवी, घट्टा डाव्या पायाला. असं का?

उशिरा_सुरुवात: वय ४१, वजन ७२ किलो, नऊ वर्षं शोतोकान कराटे. लाथ माझी उजवी. डावी फक्त आमचे सेन्सेई (शिक्षक) बघत असतील तेव्हा. मग घट्टा डाव्या चवड्याला का, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढा? परवा बुटांच्या एका दुकानात पायाचा दाब दाखवणाऱ्या पाटीवर उभा राहिलो. डावा चवडा लालभडक, उजवा हिरवा. दुकानदार म्हणाला, "पायात दोष आहे, इनसोल घ्या." साडेचार हजार! घेतले नाहीत, पण तेव्हापासून रोज रात्री तळवे बघत बसतो. खरंच दोष असेल?

फरशीवरचा_सेन्सेई: दादा, उजवी मारताना उभे कशावर असता? मावाशी गेरीत, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या लाथेत, सगळं अंग डाव्या चवड्यावर गर्रकन फिरतं. ७२ किलो तेवढ्याशा जागेवर, वर पिळवटणं वेगळंच. त्यात झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहण्यात, निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायावर. कुमितेत (जोडीदाराशी लढताना) तुमचा डावाच पुढे असणार. क्लासला मॅट आहे की फरशी?

फिजिओ_ताई: दाब म्हणजे भार भागिले जागा. दोन्ही पायांवर सारखं वजन असलं तरी एका चवड्यावर झुकलात की तिथं लाल दिसणारच. एकदा उभं राहून काढलेल्या चित्रावरून दोष ठरत नाही. घरच्या वजनकाट्याच्या जोडीला शेजाऱ्यांचा मागून आणा, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवा. समोर बघा, आकडे दुसऱ्याला वाचू द्या. मग काटे अदलाबदल करून पुन्हा. पाय बधिर होत असेल किंवा मधुमेह असेल तर घट्टा ब्लेडनं तासू नका, डॉक्टरांना दाखवा.

ओसाकाचा_पाटील: इथे केंदोत (जपानी तलवारबाजीत) तर निवडच नाही. डावखुरा असला तरी उजवा पाय पुढे, डावा मागे टाच उचलून, आणि झेप डाव्याच्या रेट्यावर. माझ्या डाव्या टाचेवरची शीर धरते, उजवी टाच आपटून आपटून ठणकते. दोन पायांची दोन दुखणी!

उशिरा_सुरुवात: काटे आणले. डावा ३८, उजवा ३४; अदलाबदल केली तरी जवळपास तेच. आकडे बायकोनं वाचले. तिचं म्हणणं, मी बसच्या रांगेतही असाच डावीकडे रेलून उभा असतो. सेन्सेई, फरशीच आहे, शहाबादी. काल डाव्या लाथेपासून सुरुवात केली. उजव्या पायावर दोनदा झोकांडी गेली, शेजारच्या दहा वर्षांच्या ऑरेंज बेल्टचा खांदा धरावा लागला.