बी विंगमागची लॉन काढायची का? (सोसायटी ग्रुप, मे अखेर)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. बी विंगमागची लॉन सलग दुसऱ्या उन्हाळ्यात जळाली. टँकरचं पाणी गवताला घालणं परवडत नाही. तिथं खायच्या कामाची झाडं लावावीत असा प्रस्ताव आलाय. मतं सांगा. सुप्रभातची फुलं कृपया नकोत.

ए-२०४ जोशी काका: पुन्हा तेच? गच्चीवरच्या मागच्या १८ कुंड्यांत आता कबुतरं राहतात.

बी-५०१ मेधा: काका, कुंड्या नाहीत, जमिनीत लावायचं. माझी बहीण सिअॅटलला असते. तिथं बीकन हिलवर असं खाऊचं जंगल आहे. २००९ मध्ये एका अभ्यासवर्गात आराखडा झाला, २०१२ ला प्रत्यक्ष खणायला सुरुवात. आराखडा ७ एकरांचा, जागा शहराच्या पाणी-कचरा बघणाऱ्या खात्याची. फळं कुणीही तोडून न्यावीत, काम श्रमदानानं.

सी-१०२ नाईक काकू: अगो, हे आमचं कुळागरच की! फोंड्याला माहेरी होतं. वर माड नि पोफळी, पोफळीवर मिरवेल चढवलेली, मधे केळी, जायफळ, खाली हळद, आलं, अननस. पाटाचं पाणी एकदा सोडलं की सगळ्यांना पोचायचं. ऊन पानांतून गाळून खाली यायचं, हळदीला तेवढंच पुरे. आई डाळ चुलीवर ठेवून विळा घेऊन मागे जायची आणि परतताना ओटीत काय काय घेऊन यायची.

बी-५०१ मेधा: अगदी हेच! इंग्लंडात रॉबर्ट हार्ट नावाच्या बागवानानं याचे सात थर मांडले, मोठ्या झाडापासून मुळं-कंद आणि वेलींपर्यंत. त्यानंही केरळच्या परसबागांचाच दाखला दिला होता.

सी-१०२ नाईक काकू: आम्ही मोजले नव्हते बाई.

ए-६०३ अमोल: पांढरी स्विफ्ट कुणाची? माझी गाडी अडकलीये 🙏

ए-२०४ जोशी काका: डास? साप? आणि एकदा झाड मोठं झालं की तोडायला महापालिकेची परवानगी. १९७५ चा कायदा आहे. नंतर रडू नका.

सी-४०३ शिर्के (निवृत्त, कृषी खातं): जोशीसाहेबांचा शेवटचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच आधी जागा ठरवा, मग झाड. फणस, आंबा भिंतीजवळ आणि ड्रेनेजच्या लाइनीवर नको. शेवगा पार्किंगपासून लांब, त्याची फांदी ठिसूळ, पावसात गाडीवर पडली की दोन विंगांत भांडण. तो फांदी खोचूनही लागतो. पपई वर्षाच्या आत फळ देते, तिच्यावरच लोकांचा विश्वास बसेल. शेवगा-पपईच्या सावलीत हळद, अळू. कुंपणावर कारलं, दोडका. कढीपत्ता बी विंगच्या दाराशी. मागची पट्टी खरी जमीन आहे हे नशीब. ए विंगसमोर पोडियम आहे, म्हणजे खाली जमीन नाही, स्लॅब आहे, तिथं ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते, इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक घमेलंही टाकू नका.

सेक्रेटरी: पाण्याचं? एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, वापरायचं का?

सी-४०३ शिर्के: झाडांच्या मुळाशी ठिबकनं चालेल. पुदिना, कोथिंबीर असल्या कच्च्या खायच्या पाल्याला अजिबात नको. आणि झाडलेला पाला कचरागाडीत देणं बंद करा. बुंध्याभोवती वीतभर पसरला की ओल टिकते, पाणी निम्म्यावर येतं असा माझा अनुभव आहे. डास साचलेल्या पाण्यात होतात, हळदीत नाही.

ए-३०२ सुलभाताई: सगळं छान. पण तोडणार कोण? गेल्या वर्षीचा कढीपत्ता आठवतो ना? कुणीतरी चार डहाळ्या नव्हे, अख्खा शेंडाच कापून नेला. वरचं लाकूड उघडं पडलेलं मी पाहिलंय. विळी वापरली असणार.

डी-२०१: हा संदेश काढून टाकला आहे.

ए-३०२ सुलभाताई: 🙂

बी-५०१ मेधा: एक शनिवार तोडणीचा ठेवू. वॉचमन काका, सफाईवाल्या मावशी, माळीमामा यांचा वाटा आधी. झाडं तेच जगवणार आहेत.

ए-२०४ जोशी काका: हे मान्य. पण देखभाल फंडातून रुपया नको.

सेक्रेटरी: लॉनच्या टँकरचे पैसे वाचतील, त्यातूनच. ठराव सर्वसाधारण सभेत मांडू, तोवर फक्त १० बाय ३० फुटांचा तुकडा.

सी-४०३ शिर्के: मग मृग लागायच्या आत खड्डे हवेत. २ फूट लांब, रुंद, खोल. तळाशी पाला, वर शेणखत नि माती. खाली मुरूम लागेल, पहार आणा. रविवारी सकाळी ७.

ए-६०३ अमोल: येतो. पहार नाही, फावडं आहे. स्विफ्ट अजून तिथंच आहे.

ए-२०४ जोशी काका: पहार माझ्याकडे आहे. वडिलांची. परत हवी.

सी-१०२ नाईक काकू: मी अळूचे कंद देते.

ए-३०२ सुलभाताई: वडीचं की भाजीचं?

सी-१०२ नाईक काकू: वडीचं. काळ्या देठाचं. घसा खाजला तर मला सांगा.