मुलांना घेऊन महाविद्यालये पाहायला गेला होतात का? तुमचे अनुभव सांगा

कोथरूडची आई

गाडी विकायचे ठरले म्हणून काल डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करत होते. जुन्या पीयूसी पावत्या, वाळलेल्या आवळासुपारीची दोन पाकिटे आणि त्यांच्याखाली चार घड्या घातलेला एक कागद निघाला. डिसेंबर २०१७ मध्ये मुलगी बारावीत असताना तिला आणि जावेच्या मुलाला घेऊन आम्ही कराड, सांगली आणि कोल्हापूर परिसरातील चार अभियांत्रिकी महाविद्यालये तीन दिवसांत पाहून आलो होतो, त्या दौऱ्याचे हे वेळापत्रक. यजमानांनी पट्टीने रकाने आखले होते: निघण्याची वेळ, टोल, डिझेल, शुल्क, प्लेसमेंट, पुण्यापासूनचे अंतर. ‘खंबाटकीच्या पायथ्याशी नाश्ता, वीस मिनिटे’ हेसुद्धा त्यात लिहिलेले आहे.

कागदाच्या मागच्या बाजूला मात्र मुलीचे अक्षर आहे, पेन्सिलीचे, गाडीच्या धक्क्यांनी वाकडेतिकडे झालेले आणि भडंगाचे तेल लागून एका कोपऱ्यात पुसट झालेले. ‘ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत? न्हाणीघरात गरम पाणी आहे, पण बादल्या साखळीने बांधल्या आहेत. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक किती वाजता बंद? मुलांचे?’ तीन दिवस ही मुलगी मागच्या सीटवर कानांत इअरफोन घालून बसली होती आणि ‘हिला कशातच रस नाही’ असे आम्ही दोघे पुढे बसून एकमेकांना सांगत होतो.

धाकटा आता अकरावीत आहे. त्याला आणि त्याच्या एका मित्राला घेऊन पुन्हा निघायचा विचार आहे. ज्यांनी असे दौरे केले आहेत त्यांनी आपले अनुभव सांगावेत. विशेषतः काय फसले, ते.

सहकारनगर

फसलेलेच सांगतो. ताम्हिणी घाट उतरून आम्ही कोकणातील एका महाविद्यालयात पोहोचलो, तो दिवस महाशिवरात्रीचा निघाला. डब्यात साबुदाण्याची खिचडी भरून घेतली होती, म्हणजे उपवास आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते; त्या दिवशी सरकारी सुटी असते हे मात्र एकाच्याही ध्यानात आले नाही. कार्यालयाला कुलूप होते आणि रखवालदार सज्जन असला तरी त्याच्याजवळ किल्ली नव्हती.

परत फिरणार, तेवढ्यात वसतिगृहाच्या सज्जात कपडे वाळत घालणारा एक मुलगा दिसला. तो निगडीचा निघाला. त्याने माझ्या मुलाला आत नेले आणि मी खाली कारजवळ उभा राहिलो. पाऊण तासाने चिरंजीव खाली आले ते सलग वीस मिनिटे बोलत होते. माझ्या प्रश्नांच्या यादीत संगणक किती आणि प्राध्यापक किती असे चौदा प्रश्न होते; त्याने विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘मेसमध्ये पोळ्या मोजून देतात की मागाल तितक्या?’ उत्तर होते, ‘महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागाल तितक्या.’ या एका उत्तरावरून मला त्या मेसचा संपूर्ण ताळेबंद कळला.

वारजे पूल

आम्ही सुटी टाळली आणि सत्र परीक्षेत सापडलो. वर्ग रिकामे, मुले हातात झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन भिंतींना टेकलेली, कोणी मान वर करून पाहीना. कोथरूडच्या ताई, तुम्हाला डिसेंबरमध्ये बरे कोणी भेटले? आमच्या मते जानेवारीच्या मध्यानंतरचा शुक्रवार सर्वांत चांगला, कारण तेव्हा नवे सत्र सुरू झालेले असते आणि दुपारी प्रात्यक्षिके संपली की मुले मोकळी भेटतात.

कोथरूडची आई

आम्हालाही दोन ठिकाणी परीक्षाच आडव्या आल्या, म्हणून तर चौघांच्या चौघांनी वसतिगृहे आणि उपाहारगृहेच निरखून पाहिली.

गणिताचा मास्तर

हा सगळा खटाटोप मला अनाठायी वाटतो, हे स्पष्टपणे नमूद करतो. सीईटीचे पर्सेंटाइल हाती येण्याआधी चार महाविद्यालये पाहून त्यांतील कोणते चांगले यावर घरात वाद घालणे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. त्यातून एखाद्या मुलाचे मन एकाच आवारात अडकले आणि गुण कमी पडले, तर जूनमध्ये त्याची समजूत घालण्याचे काम आमच्यासारख्यांकडे येते. जागा मिळाल्यावर जा, वसतिगृह पाहा आणि शुल्क भरा.

विकल्प अर्ज

मास्तर, मन अडकण्याचा मुद्दा मान्य आहे, पण जागा मिळाल्यावर जाण्याचा सल्ला पटत नाही. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ती जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणजे ज्या महाविद्यालयाचे नाव यादीत सर्वांत वर लिहायचे, ते तरी आधी डोळ्यांनी पाहिलेले असावे. आमच्या भाचीने कोणाच्या तरी सांगण्यावरून न पाहिलेले नाव वर टाकले, ते मिळाले, आणि मग वसतिगृहात जागा नसल्याने सहा किलोमीटरवर खोली घ्यावी लागते हे कळले. शिवाय जागा जाहीर झाल्यापासून प्रवेश निश्चित करण्यापर्यंत हाताशी मोजके दिवस असतात आणि ते बहुधा ऐन पावसाळ्यात येतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

गणिताचा मास्तर

पहिल्या पसंतीचा मुद्दा बिनतोड आहे. मग एकच महाविद्यालय पाहा, चार कशाला?

मागची सीट

मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही गाडीत बोलत नाही याचे कारण रस नसणे हे नसते. पुण्याहून निघाल्यापासून कात्रजचा बोगदा संपेपर्यंत मला ‘तू ठरव, आमचे काही म्हणणे नाही’ हे वाक्य चार वेळा ऐकवण्यात आले होते आणि खेड शिवापूरचा टोल येईपर्यंत बाबांचे म्हणणे काय आहे ते मला पूर्णपणे समजले होते. त्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

विभागप्रमुखांच्या खोलीत माझे नाव, गुण, छंद आणि पाचवीतील शिष्यवृत्ती परीक्षेचा क्रमांक हे सर्व बाबांनीच सांगितले. सरांनी माझ्याकडे पाहून ‘तुला काय आवडते?’ असे विचारले, तेव्हा बाबा म्हणाले, ‘याला कॉम्प्युटर आवडते.’ मला स्थापत्य अभियांत्रिकीची प्रयोगशाळा पाहायची होती. ती मी नंतर पाण्याची बाटली भरण्याच्या निमित्ताने एकटाच पाहून आलो. काँक्रीटचा ठोकळा यंत्रात दाबून फोडत होते. फुटताना होणारा तो आवाज ऐकला आणि माझे ठरले.

एकच विनंती आहे: पालकांनी तासभर उपाहारगृहात चहा घेत बसावे आणि मुलांना सोडून द्यावे.

कोथरूडची आई

हे यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘चहा चांगला असेल तर बसू.’

सिंहगड रोडची काकू

मुंबईला जाणाऱ्यांनी गाडी अजिबात काढू नये. माटुंग्याला व्हीजेटीआय (अभियांत्रिकी) आणि आयसीटी (रसायन तंत्रज्ञान) या दोन संस्था एकमेकींच्या जवळ आहेत, एकीची स्थापना १८८७ ची तर दुसरीची १९३३ ची, आणि दोन्ही एका दिवसात पायी पाहून होतात. आम्ही हौसेने द्रुतगती मार्गाने गाडी नेली आणि नंतर गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात खालापूर गाठले असते. सकाळची डेक्कन क्वीन पकडावी, दादरला उतरावे आणि लोकलने एक स्थानक मागे, माटुंग्याला, यावे. माझ्या मुलीला पुढे चार वर्षे लोकलनेच हिंडायचे होते, मग पहिल्या दिवशी तिला वातानुकूलित गाडीतून नेऊन आम्ही तिला नेमके काय दाखवले, हा प्रश्न तिनेच परतताना विचारला.

आणि ज्यांना पुण्यातच राहायचे आहे त्यांनीही सीओईपी, म्हणजे पुण्याची जुनी अभियांत्रिकी संस्था, एकदा आतून पाहावी. ती संस्था १८५४ पासून आपल्या शिवाजीनगरला उभी आहे, आपण हजार वेळा तिच्यावरून जातो, पण मुलाला नदीकाठचा बोट क्लब दाखवायला किती जण थांबतो?

हिरवा कोपरा

येथे सर्व अभियांत्रिकीवाले दिसतात, म्हणून थोडे संकोचून लिहीत आहे. आमच्या मुलाला कृषी शाखेला जायचे होते आणि नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न होता, ‘तुमची शेती कुठे आहे?’ शेती कुठेही नाही, धनकवडीत दोन खोल्या आणि गच्चीवर अकरा कुंड्या आहेत. तरीही एकदा राहुरीला आणि एकदा दापोलीला गेलो. दोन्ही विद्यापीठे जुनी आहेत, राहुरीचे १९६८ चे आणि दापोलीचे १९७२ चे.

राहुरीला तो गाडीतून निवांतपणे उतरला. दापोलीला महाडवरून वळणे घेत पोहोचेपर्यंत त्याच्या आईला दोनदा उलटी झाली होती, मी वैतागलो होतो, आणि गाडी थांबण्याआधीच याने दार उघडले. तेथील रोपवाटिकेत एक वयस्कर कामगार आंब्याची कलमे बांधत होते. त्यांनी काही न विचारता याच्या हातात एक कोवळी फांदी आणि प्लॅस्टिकची पट्टी दिली. पहिल्या दोन पट्ट्या सुटल्या. तिसरी बसली, तेव्हा ते ‘आता हात लावू नको’ एवढेच म्हणाले. मुलाने पुण्याला येईपर्यंत चार वेळा विचारले की ते कलम जगेल का. मला काय ठाऊक? ‘जगेल’ म्हणालो. आता तो तेथेच दुसऱ्या वर्षाला आहे आणि ते कलम नेमके कोणते होते हे त्याला अजूनही सापडलेले नाही.

वारजे पूल

वळणांच्या रस्त्याला आलेपाक आणि रिकाम्या पोटी न निघणे, हे दोन्ही सांभाळावे. बाकी तुमचा अनुभव फार आवडला.

कोथरूडची आई

सर्वांचे आभार. मास्तरांचे अर्धे ऐकून चाराऐवजी दोनच महाविद्यालये ठेवली आहेत, जानेवारीतील शुक्रवार ठरवला आहे आणि सुट्यांची यादी तपासली आहे. वेळापत्रक या वेळी धाकट्याने मोबाईलवर केले आहे. त्यात ‘आईबाबा: उपाहारगृह, ११ ते १’ अशी ओळ आहे.

जुन्या कागदाचे छायाचित्र काढून मुलीला बंगळूरला पाठवले आणि फाटकाच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मिळाले होते का, असे विचारले. तिचे उत्तर जसेच्या तसे देते: ‘मिळाले होते. आमचे साडेआठला बंद व्हायचे. मुलांच्या वसतिगृहाला फाटकच नव्हते. म्हणून ते नाव मी यादीतून काढले आणि तुम्हाला प्लेसमेंटचे कारण सांगितले.’